आप्पांना अपशकुन होतात

आप्पांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचं ठरलं, त्या सकाळी शेखावतजी शिंकले.

शेखावतजी आमचे घरमालक. जयपूरच्या मानसरोवर वस्तीतल्या त्यांच्या दुमजली घरात खाली ते राहतात आणि वर आम्ही: मी, माझा नवरा निलय आणि माझे वडील. आप्पा म्हणजे सुभेदार सर्जेराव माने, निवृत्त. आई गेल्यावर ते पुण्याला मुलाकडे न जाता जयपूरला लेकीकडे आले. इथलं लष्कराचं कँटीन पुण्यापेक्षा बरं आहे, हे त्यांनी दिलेलं कारण. मी ते कधी तपासून पाहिलं नाही.

तर आम्ही जिना उतरून फाटकापाशी पोचलो होतो. आप्पांच्या हातात रिपोर्टांची पिशवी होती. तेवढ्यात शेखावतजींनी एक सणसणीत शिंक दिली. आप्पा थांबले, जागच्या जागी वळले आणि पुन्हा जिना चढू लागले.

"आप्पा, कुठे?"

"शिंक झाली."

"मग?"

"मग काय मग? आज नको. जे होतं ते काहीतरी कारणानं होतं, कौमुदी."

मी तिथेच उभी राहिले. लहानपणापासून ऐकलेली या माणसाची गोष्ट अशी होती की लष्कराच्या ताफ्यापुढून मांजर गेलं आणि पहिला ड्रायव्हर गाडी हलवीना, तेव्हा आप्पांनी खाली उतरून मांजराला कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "मेमसाब निकल गईं, अब चलो." आई शनिवारी नखं कापू द्यायची नाही, म्हणून ते शनिवारीच ओट्यावर बसून कापायचे. तो माणूस आता एका शिंकेला घाबरून वर जाऊन चहा मागत होता.

मी हॉस्पिटलला फोन करून दुसरी तारीख घेतली आणि आप्पांसमोर बसले.

"शेखावतजी रोज सकाळी याच वेळेला त्यांच्या गाडीवर फडकं मारतात. धूळ उडते, नाकात जाते, ते शिंकतात. रोज."

"ते रोज शिंकतात," आप्पा म्हणाले, "पण मी काय रोज ऑपरेशनला निघत नाही."

निलयनं पोह्यांच्या बशीतून मान वर केली. "यात दम आहे हं." तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला नेहमी दोन्ही बाजू पटतात.

"बघ, जावईबापूंनाही कळतं," आप्पा म्हणाले आणि चहात मीठ घालू लागले. मी डबा बदलला.

गंमत म्हणून सोडून द्यावं अशी परिस्थिती नव्हती. वर्तमानपत्र त्यांनी केव्हाच सोडलं होतं. गेल्या आठवड्यात कपड्यांच्या दुकानाबाहेरच्या पुतळ्याला त्यांनी वाट विचारली होती आणि उत्तर मिळालं नाही म्हणून इथले लोक उर्मट झालेत असं घरी येऊन सांगितलं होतं. जिन्याची शेवटची पायरी ते पायानं चाचपून उतरत. एक दिवस ती चुकणार, हे मला रात्रंदिवस डोळ्यांसमोर दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "फार पिकू देऊ नका, मग काढायला अवघड जातो."

"पिकायला तो काय आंबा आहे?" आप्पा बाहेर येऊन म्हणाले होते.

दुसऱ्या तारखेला शेखावतजी शिंकले नाहीत. शेखावतजींच्या गाडीखालून एक पांढरं मांजर निघालं, आप्पांच्या बुटांसमोरून शांतपणे रस्ता ओलांडून समोरच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गेलं.

"बघितलंस?" आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात अपशकुन झालेल्या माणसाची काळजी नव्हती. परीक्षा रद्द झालेल्या मुलाचा आनंद होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मी गच्चीवरून पाहिलं. मांजर गाडीखालून निघालं आणि रस्ता ओलांडून गेलं. तिसऱ्या दिवशीही गेलं.

"आप्पा, ते मांजर ऑपरेशन नसतानाही जातं."

"सराव करत असेल."

माझी नोकरी पाण्यातलं फ्लोराइड मोजायची. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून आमच्याकडे येतं. एखादा आकडा विचित्र निघाला तर आम्ही लगेच विहिरीला दोष देत नाही, आधी बाटली कोणी धुतली ते विचारतो. मी बाटली कोणी धुतली ते शोधायला निघाले.

ती प्लॉटमध्ये कडुनिंबाखाली सापडली. बाटली नव्हे, वाटी. आमची स्टीलची वाटी, काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेली: सौ. इंदुबाई स. माने. आईच्या सहा वाट्यांतली एक हरवली म्हणून मी महिनाभर निलयच्या डब्यावर संशय घेत होते. वाटीत दूध होतं आणि दुधावर साय. ही तीच साय, जी कोलेस्टेरॉलसाठी बाजूला काढायला आप्पांनी मला सांगितलं होतं.

सगळं उलगडलं. मांजर झोपतं रस्त्याच्या या बाजूला, वाटी ठेवलेली त्या बाजूला, आणि दूध रोज घातलं जातं आमच्या निघायच्या वेळेच्या जरा आधी. शिंक निसर्गानं दिली होती. मांजराची भरती आप्पांनी स्वतः केली होती.

"सरळ विचार ना त्यांना," निलय म्हणाला.

"विचारलं तर कबूल करतील आणि उद्या नवीन काहीतरी काढतील. पाल पाळतील."

मी कारणंच काढून टाकायचं ठरवलं. तिसरी तारीख घेतली आणि तिच्या आदल्या दिवशी शेखावतजींना गाठून विचारलं की उद्या गाडी संध्याकाळी पुसाल का.

"बिटिया," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "सूबेदार साहब की आँख के लिए मैं महीना भर गाड़ी न पोंछूँ."

वाटी घासून फडताळात ठेवली. तिसऱ्या तारखेला पहाटे उठून मांजराला मागच्या अंगणात दूध दिलं, साईसकट.

आम्ही खाली उतरलो. निलय गाडी सुरू करून बसला होता. शेखावतजी फाटकापाशी नाक मुठीत धरून उभे होते. खबरदारी म्हणून.

आप्पांनी कान टवकारले. काही नाही.

"शेखावतजी, तबीयत ठीक है?"

"एकदम बढ़िया, सूबेदार साहब," शेखावतजी नाकातून म्हणाले.

आप्पा बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी बांधलेलीच होती. वाकल्या वाकल्या गाडीखाली बघत ते हळूच म्हणाले, "मने... मने, ये की गं."

मनी आली नाही. आप्पा सावकाश उठले, आणि तेवढ्यात प्लॉटच्या बाजूनं एक पांढरी वस्तू घरंगळत रस्त्यावर आली आणि आमच्या समोरून आडवी गेली.

"मांजर!" आप्पा ओरडले. "आडवं गेलं! सगळ्यांनी पाहिलं! आता माझा इलाज नाही."

मांजर जरा थांबलं. वारा आला तसं फुगलं, जमिनीवरून उचललं गेलं आणि तरंगत जाऊन कोपऱ्यावरच्या कडुनिंबात अडकलं.

आप्पा वर बघत राहिले. "चढली वाटतं."

"आप्पा, ती प्लॅस्टिकची पिशवी आहे."

निलयनं तोंड दुसऱ्या खिडकीकडे फिरवलं. शेखावतजी स्वतःच्या गाडीचं टायर तपासू लागले.

आप्पा जिन्याच्या त्या शेवटच्या पायरीवर बसले. मीही बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "वाटी तू उचललीस?"

"हो."

"तिच्या नावाची म्हणून मुद्दाम घेतली होती. ती असती तर तिनंच मला अपशकुन पुरवले असते. शिंक म्हणू नकोस, पाल म्हणू नकोस, अमावास्या म्हणू नकोस. तेव्हा मी हसायचो. आता माझे मलाच करावे लागतात."

"पण कशाला करता? भीती कसली वाटते?"

आप्पांनी आधी निलयकडे, मग शेखावतजींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सुई. डोळा उघडा ठेवतात म्हणे. गोळी येते तेव्हा निदान दिसत तरी नाही. ही समोरून येताना बघत पडायचं? माझ्यानं नाही व्हायचं, लेकी."

"दिसत नाही ती."

"काय?"

"थेंब घालून डोळा आधी बधिर करतात. वरून दिव्याचा एवढा झोत असतो की नुसता उजेड दिसतो. आणि अवजार डोळ्याच्या इतकं जवळ असतं की डोळ्याला त्याचं चित्रच जुळवता येत नाही. पापणीवर बसलेली माशी दिसते का तुम्हाला?"

आप्पांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "नाही दिसत."

"तसंच."

"नक्की?"

"नक्की."

"मग हे आधी का नाही बोललीस, गाढवे? इतके दिवस मी मांजराला साय घालतोय!"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही शिंकेचं कारण दिलंत, मी शिंकेचं उत्तर देत बसले."

आप्पा उठले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी कडुनिंबातल्या पिशवीला एक सॅल्यूट ठोकला आणि गाडीत जाऊन बसले. ऑपरेशनच्या टेबलावर ते आडवे होईपर्यंत मी दाराच्या काचेतून बघत होते. नंतर त्यांनी सांगितलं की सगळा वेळ रंगीत उजेड दिसत होता, दिवाळीसारखा, आणि डॉक्टरीणबाईंना त्यांनी मध्येच विचारलं होतं, "सुरू कधी करणार?" तोपर्यंत संपत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर ते बराच वेळ गच्चीच्या कठड्याशी उभे होते. शेखावतजींची गाडी बदामी नसून पांढरी आहे, हे त्यांनी निलयला सांगितलं. माझे केस पिकलेत, हे मला सांगितलं. मग एकदम हाक मारली.

"कौमुदी! अगं, या दोन आहेत!"

खाली प्लॉटमध्ये दोन पांढरी मांजरं बसली होती. एकीच्या कानावर काळा ठिपका होता.

"आणि मी हिला खादाड समजत होतो. एकदा बोललोसुद्धा." त्या दिवसापासून आईची आणखी एक वाटी कमी झाली. या वेळी मला न विचारता, पण माझ्यादेखत.

उजव्या डोळ्याची तारीख आली, तेव्हा मी काहीच बंदोबस्त केला नाही. वाट्या जिथल्या तिथे होत्या आणि शेखावतजींच्या हातात फडकं होतं. आम्ही फाटकात पोचलो आणि गाडीखालून एक मांजर निघालं, त्याच्यामागून दुसरं. दोघी आप्पांच्या पुढ्यातून रस्ता ओलांडून गेल्या.

मी आप्पांकडे पाहिलं.

"ऋण गुणिले ऋण, धन," आप्पा म्हणाले. "दहावीला असताना तूच मला घोकून दाखवायचीस. एकीनं दुसरीला खोडलं. चल."

तेवढ्यात शेखावतजी शिंकले.

आप्पांचा पाय हवेतच राहिला. "तीन झाले."

"आप्पा, धूळ आहे ती."

"धूळच आहे, मला माहीत आहे. पण तीन झाले. तीन ऋणांचं काय होतं?"

"ऋण," मी नाइलाजानं म्हटलं.

आप्पा मागे वळले. "शेखावतजी, एक और हो जाए!"

शेखावतजींनी फडकं नाकापाशी झटकलं, डोळे मिटले, तोंड उघडलं, वाट पाहिली. शेवटी खिन्नपणे मान हलवली. "नहीं आ रही, सूबेदार साहब. अपने हाथ में थोड़े ही है."

गाडीतून निलयनं घड्याळ दाखवलं. आप्पा हलेनात. मी ओढणीचं टोक नाकाशी धरलं आणि शिंकले.

आप्पांनी नव्या डोळ्यानं मला नीट न्याहाळलं. "ही खोटी होती."

"हो."

"खोटी चालते?"

"पिशवी चालली होती ना?"

त्यांना ते पटलं असावं. ते झपाझप चालत गेले, फाटकाचा उंबरा पायानं न चाचपता ओलांडला आणि गाडीचं दार उघडून मला हातानं खुणावू लागले.

"चल, बस लवकर. शेखावतजींना खरी यायच्या आत."