गिळलेल्या हवेचा आवाज

तात्याराव पुण्यात पीएमटीच्या बसवर कंडक्टर होते. दिवसाला दीड बंडल बिडी, तीही पस्तीस वर्षं. आवाज घोगरा झाला तेव्हा म्हणाले, "दिवसभर ओरडायचं म्हटल्यावर बसणारच की." चार महिने घोगरेपणा गेला नाही, तेव्हा बायको ललिताबाई त्यांना ओढूनच दवाखान्यात घेऊन गेल्या.

"स्वरयंत्राचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले. "स्वरयंत्र काढावं लागेल."

"बिडीनं झाला?" ललिताबाईंनी विचारलं.

"तिकिटं फाडून तर होत नाही. पस्तीस वर्षं सगळा धूर त्याच जागेवरून गेलाय."

तात्याराव वाचले. आता श्वास गळ्याखालच्या छिद्रातून चालायचा. ओठ हलत, पण त्यातून काहीच येत नसे. विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत पाटी आणि पेन्सिल आली. मुलगी आम्रपाली सॉफ्टवेअर कंपनीच्या कामावर अमेरिकेला गेलेली. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई. बोलायच्या ललिताबाई, तात्याराव नुसते ऐकत आणि रिसीव्हरवर नखानं टकटक करत.

ऑपरेशननंतर सहाव्या महिन्यात, तपासणीला गेले असताना, वाघोलीचे गेनबा भेटले. त्यांचंही तेच ऑपरेशन झालेलं, सहा वर्षांपूर्वी. पण गेनबा बोलत होते! आवाज जाडाभरडा, तुटक, तरी शब्द न् शब्द कळत होता. ललिताबाई त्यांच्या खिशाकडे, कॉलरकडे बघू लागल्या.

"मशीन शोधताय व्हय?" गेनबांनी शर्टाचं बटण काढून छिद्रावरची पट्टी दाखवली. "काय बी न्हाय. हवा गिळायची, अन् वर येताना तिचा शब्द करायचा. प, ट, क सोपं हाय. तिथनं सुरू करा."

तात्याराव रोज बसू लागले. पाच आठवडे नुसते ढेकर. एकदा त्यांनी चिडून पाटीवर लिहिलं, 'ढेकरांवर संसार चालत नाही.' ललिताबाईंनी पाटी पुसली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

एका दुपारी त्या तांदूळ निवडत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "पाट."

त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. वळल्या, तर तात्याराव स्वतःच्याच छातीवर हात ठेवून बसलेले, डोळे विस्फारलेले. जणू घरात तिसरंच माणूस आलं होतं.

"परत म्हणा," ललिताबाई कुजबुजल्या.

"पाट."

पुढे महिन्याभराने, रविवारी फोन वाजला, तेव्हा तात्यारावांनी रिसीव्हर स्वतः उचलला. हवा गिळली. "पोरी..."

"कोण?" पलीकडून आम्रपाली घाबरून म्हणाली. "कोण बोलतंय? आईला द्या."

"तुझा... बाप."

पलीकडून हुंदका आला. मग, "पप्पा, हा तुमचा आवाज आहे?"

"आता... हाच. पोटातून... काढतो."

ती हसली, रडली, पुन्हा बोला म्हणाली. तात्याराव एकेक शब्द वर आणत राहिले. तिथली थंडी, जेवण, सगळं विचारलं.

ललिताबाई त्यांच्या गळ्याकडे बघत उभ्या होत्या. पट्टीखालून नुसता श्वास ये-जा करत होता. बोलणं कुठून येतं ते गेनबांनी त्यांना नीट समजावलं होतं, आणि तरीही त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला होता.