रत्नाबाईनं न शिजवलेला भात

रत्नाबाईचा बाप्तिस्मा होऊन अकरा वर्षं झाली होती. कोंढ्याच्या पुढच्या एका लहान गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधायची. दर रविवारी नवऱ्याच्या, धनीरामच्या मोटारसायकलवर मागे बसून पवनीला प्रार्थनेला जायची. तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या इतर बाया गावोगाव फिरत, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करत. रत्नाबाईला शनिवारपर्यंत चुलीपासून सुटका नव्हती. शेवटी एकदा तिनं पास्टर अनुपना विचारलंच.

"पास्टर, देवाचं काम मी कवा करू? माहे सहा दिवस तर भात रांधण्यातच जाते."

"मंग तो भात कोणासाठी रांधता तुमी?" पास्टर म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

ती दोन दिवस त्या प्रश्नावर चिडलेली होती. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता हात थांबला. तेव्हापासून ती खडा न खडा वेचू लागली, तांदूळ तीन पाण्यांनी धुऊ लागली. चुलीवर भाताचा गंज चढवताना डोळे उघडे ठेवूनच पुटपुटायची, "प्रभू, हे तुह्यासाठी."

जोडीला रांधणारी स्वाती हसायची. "काकू, एवढं कायले करून राहिल्या? कोण पाहते?"

"पाहणारा पाहते," रत्नाबाई म्हणायची.

एका गुरुवारी नवीन पोतं उघडलं आणि सडक्या मासळीसारखा वास आला. रत्नाबाईनं वरचे तांदूळ बाजूला सारले, तर आत एक फाटलेली पुडी होती आणि तिची राखाडी भुकटी तांदळात मिसळली होती. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायचं ते औषध. तिनं स्वातीला मागे ओढलं आणि हेडमास्तरांना बोलावलं.

भूषण सर आले. त्या दिवशी तालुक्याहून साहेब तपासणीला येणार होते, म्हणून सकाळपासून सरांचा जीव टांगणीला होता.

"वरचा थर काढून टाका. बाकीचा चांगला धुवा न शिजवा," ते म्हणाले.

"नाही सर. हे जहर आहे."

"रत्नाबाई, साहेब येऊन राहिले. जेवण नाही दिसलं तर काय सांगू? दुसरं पोतं सोमवारशिवाय येत नाही."

"मी नाही शिजवत."

"मंग उद्यापासून येऊ नका," सर एकदम बोलून गेले.

हे काम सरांनीच मिळवून दिलं होतं, तेही गावातल्या चार जणांचा विरोध पत्करून. तरी तिनं पोत्याचं तोंड सुतळीनं घट्ट बांधलं.

"उद्याचं उद्या पाहू, सर. आज चौसष्ट लेकरं जेवाची आहेत."

ती टोपलं घेऊन निघाली. आधी घरच्या डब्यातला सगळा तांदूळ ओतला. मग दारोदार गेली. कुणी मापभर दिला, कुणी ओंजळभर. जानकीबाईच्या दारात तिचे पाय अडखळले. रत्नाबाई ख्रिस्ती झाल्यापासून या म्हातारीनं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. पण टोपलं अजून भरलं नव्हतं. तिनं हाक मारली आणि काय झालं ते सांगितलं.

"तुह्या देवासाठी मागून राहिली का?" जानकीबाईनं विचारलं.

"लेकरायसाठी मागतो, मावशी. पण खरं सांगतो, देवासाठीच मागून राहिली."

म्हातारी आत गेली आणि सूपभर तांदूळ घेऊन आली. "माहा नातू बी तिथंच जेवते," एवढंच म्हणाली.

शाळेत परतली तेव्हा सर चुलीपाशी उभे होते. त्यांनी स्वतःच्या घरून पाच किलो तांदूळ आणला होता. तिनं टोपल्यातला तांदूळ त्यातच ओतला. स्वातीनं चूल पेटवली. दीड वाजता पंगत बसली.

साहेब आले तेव्हा पोरं जेवत होती. कोपऱ्यातलं बांधलेलं पोतं पाहून त्यांनी ते उघडायला लावलं. वास येताच ते दोन पावलं मागे सरले.

"हे शिजवायला कुणी सांगितलं होतं का?" त्यांनी रत्नाबाईला विचारलं.

तिनं सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खोटं ती बोलणार नव्हती. खरं बोलायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात सर पुढे झाले.

"मीच सांगितलं होतं, साहेब. ह्यायनं ऐकलं नाही."

साहेबांनी दोघांचं म्हणणं लिहून घेतलं, पोतं सील केलं. पुढं सरांना लेखी ताकीद मिळाली. शाळेला तांदूळ पुरवणाऱ्या गोदामातल्या बाकीच्या पोत्यांची तपासणी झाली, तेव्हा आणखी दोन पोती तशीच निघाली.

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर रत्नाबाईनं धनीरामला सगळं सांगितलं. त्यानं तिच्यापुढे चहा ठेवला.

"भेव नाही वाटलं का तुले?"

"लय वाटलं. अजूनबी वाटते."

"सरायनं खरंच काढलं असतं तर?"

"तर दुसरीकडं रांधलं असतं," ती म्हणाली. "पण असंच रांधलं असतं."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती शाळेच्या फाटकाशी पोचली. सर व्हरांड्यात हजेरी मांडत होते. त्यांनी मान वर केली आणि स्वयंपाकखोलीची किल्ली तिच्या हातात दिली.