सेंटिमीटरात चोवीस धागे

साडीच्या काठापासून दोन बोटं आत, एका सेंटिमीटरात आडवे धागे चोवीस होते. त्याच्या खालच्या सेंटिमीटरात चोवीस. त्याच्याही खालच्यात चोवीस. अनुराधानं संगणकाच्या पडद्यावर फोटो आणखी मोठा केला आणि पेन्सिलीच्या टोकानं एकेक धागा पुन्हा मोजला. चोवीसच.

खरं तर तिला धागे मोजायचे नव्हते, लेन्स निवडायची होती. "नवी लेन्स घे गं," असं म्हणत मंजुश्रीच महिनाभर मागं लागली होती. मंजुश्री साड्या आणायची आणि अनुराधा फोटो काढून त्या इंटरनेटवर विकायला ठेवायची. "लोकं आता साडी बोटांनी मोठी करून बघतात. तुझ्या फोटोत पोत दिसंना झालाय."

म्हणून अनुराधानं दोन लेन्स दोन दिवसांच्या भाड्यानं आणल्या. त्यांच्याशी ताडून बघायला कॅमेऱ्याबरोबर आलेली जुनी अठरा-पंचावन्न मिलिमीटरची होतीच. भाड्याच्या दोन्हींत एक दुसऱ्या कंपनीची सतरा-पन्नास आणि एक चोवीस-एकशेपाच, चांगलीच वजनदार. परवा आलेली हिरवी साडी तिनं भिंतीवर ताणून बसवली, कॅमेरा ट्रायपॉडवर दीड फुटावर ठेवला आणि तिन्ही लेन्स पन्नासवर आणून, खिडकीच्या त्याच उजेडात सारखेच फोटो घेतले. जुन्या लेन्सचे कोपरे पिठासारखे आले. दुसरीत कोपरे बरे होते, पण काठाचा लाल किंचित विटकरी झाला. तिसरीत मधल्या धाग्यापासून कोपऱ्यातल्या धाग्यापर्यंत सगळं लख्ख. निवड झालीच होती.

पण एका साडीवर निकाल देणं तिच्या शिस्तीत बसत नव्हतं. कपाटात मंजुश्रीच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, हातमागावर विणलेली जुनी साडी होती. दोन वर्षांपूर्वी दोघींचं हे काम सुरू झालं तेव्हा त्यांनी ती स्वतः तिच्या हातात दिली होती. "मोजून बघ," असं हसून म्हणाले होते. "जेवून मागावर बसलो की पहिली चार बोटं विरळ येतात. तेवढं सोडून दे बघ." ती साडीही तिनं भिंतीवर लावली. धागे बावीस भरले, मग पंचवीस, तेवीस, सव्वीस.

पहिल्यांदा तिनं दोष लेन्सला दिला. लेन्स बदलली. मग तिसरीही लावून पाहिली. जुनी साडी तिन्हींत कमी-जास्तच राहिली आणि नवी तिन्हींत चोवीसच. तीन निरनिराळ्या लेन्स एकच खोटं सांगत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग गेल्या दीड वर्षात आलेल्या साड्यांपैकी ज्या अजून विकल्या गेल्या नव्हत्या, त्या सगळ्या तिनं एकेक करून भिंतीवर लावल्या. प्रत्येकीत चोवीसच.

दुपारी मंजुश्री थर्मासात चहा घेऊन जिना चढून आली. शहापुरातल्या विणकराच्या घरची पोर, आप्पासाहेबांची थोरली, कॉलेजपासूनची मैत्रीण.

"काय गं मास्तरीणबाई, साडीचा एक्स-रे काढालीस व्हय?"

"बस. ह्या दोन बघ."

मंजुश्रीनं पडद्याकडं पाहिलं. थर्मासचं झाकण तिच्या हातातच राहिलं.

"ह्यात काय बघायचंय? दोन्ही झ्याक हाईत."

"उजवी आप्पांनी विणलीय. डावी कुणी विणली?"

"आप्पांनीच की."

"मंजू, मी मोजलंय."

"तुला मोजायशिवाय काय येतंय गं!" ती हसली, पण अर्ध्यावरच थांबली. खाली बसली. "वडगावातनं आणते. यंत्रमागावरनं. आप्पांचा हात कापायला लागला. धोटा धरवंना. दीड वर्ष झालं."

"आणि माग?"

"गेल्या दिवाळीत खोलला. लाकडं माडीवर ठेवलीत."

अनुराधाला आठवलं. संक्रांतीला ती तिळगूळ द्यायला गेली होती तेव्हा आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. आप्पा झोपलेत, असं मंजुश्री म्हणाली होती. आणि आत माग नव्हताच.

"त्यांचा हात गेला, ते मी समजू शकते," ती म्हणाली. "विकायचं तर यंत्रमागाची म्हणून विकली असतीस, तरी मी फोटो काढले असते. पण प्रत्येक साडीच्या फोटोखाली मी लिहिते, हातमागावर विणलेली. खाली माझं नाव असतं."

"चुकलंच गं. सांगायचं राहिलं."

"राहिलं नाही. निपाणीच्या कॉलेजातनं मला पहिल्यांदा नोकरीला बोलावलं, तेव्हा तू काय म्हणालीस?"

मंजुश्रीनं थर्मास उगाच बाजूला सरकवला.

"आप्पांनी सांगितलंय म्हणालीस. 'अनुराधा हाय म्हणून माग हाय, ती गेली तर मी मागावर बसणार न्हाय.' मार्गशीर्षात परत बोलावलं. तेव्हाही तेच. तेव्हा तर माग खोलला होतास."

"तू गेली असतीस तर माझं कोण होतं?" मंजुश्रीचा आवाज चढला. "बोरगावचे तुम्ही, तुमची शेती हाय, घर हाय. शिकलीस, कुठंबी जाशील. मी कुठं जाऊ?"

"हे म्हणाली असतीस तरी मी राहिले असते."

ते खरं होतं. खाली गल्लीत कुणीतरी कानडीत भाजीवाल्याशी भांडत होतं.

"एक विचारते," अनुराधा म्हणाली. "ते वाक्य आप्पा खरंच म्हणाले होते?"

मंजुश्रीनं थर्मासचं झाकण परत घट्ट बसवलं. "त्यांना तर तुझी नोकरी ठाऊकच न्हाय," ती हळू म्हणाली. "कळलं असतं तर जा म्हणाले असते."

अनुराधानं चोवीस-एकशेपाच कॅमेऱ्यावरून सोडवली, दोन्ही टोकांना टोपणं लावली आणि डब्यात ठेवली. मग फोन घेतला. निपाणीच्या प्राचार्यांचा नंबर शोधावा लागला नाही, गेल्या वर्षभरात तिनं त्यांना चारदा 'कळवते' म्हटलं होतं. मंजुश्री समोर बसलेली असतानाच पलीकडून आवाज आला.

"सर, मी बोरगावची अनुराधा," ती म्हणाली. "सोमवारपासून मी येते."