गळलेला काना

शनिवारी दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं, की चष्मेवाले आतल्या दिव्याचं बटण दाबायचे आणि आठवडाभर गिऱ्हाइकांसमोर ताठ ठेवलेली पाठ खुर्चीत सोडून द्यायचे. त्यानंतर मंडळी वाकून, शटरखालून आत यायची. वाकताना प्रत्येक जण 'आई गं' म्हणायचा. ही मंडळाची नांदी.

मंडळ म्हणजे काय, तर टेकडीवरच्या वेधशाळेच्या कादंबऱ्यांची वेडी माणसं. या कादंबऱ्या ऐकून माहीत असलेले लोक पुष्कळ, वाचलेले थोडे, आणि आत शिरून परत बाहेर न आलेले हे एवढेच. गोष्ट साधी होती. उंच टेकडीवर एक बाई एकटी राहून वारा, पाऊस आणि ऊन मोजते. आठवड्यातून एकदा टपालवाला चढून येतो. पायथ्याच्या गावात एक डॉक्टर आहे, त्याच्याकडे मोटार आहे, पण ती टेकडी चढत नाही. आता ही बाई कोणाची, टपालवाल्याची की डॉक्टरची? लेखिकेनं शेवटच्या पुस्तकात बाईला वारा मोजत तशीच उभी ठेवली आणि स्वतः निवृत्त झाली. निस्तरायला ही मंडळी उरली.

सुरुवातीला मंडळ बरंच मोठं होतं, उभं राहायला जागा नसायची. मग कोणाचे गुडघे गेले, कोणाची बदली झाली, कोणी वेधशाळेच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला की पश्चिमेला यावरून कायमचं बोलणं टाकलं. उरले तिघे.

एक चष्मेवाले. ते डॉक्टरपक्षाचे. दुसऱ्या सिस्टर. मोठ्या इस्पितळात नोकरीत म्हाताऱ्या होत आलेल्या, पायांत पांढरे बूट, टपालपक्षाच्या एकमेव खंद्या पुरस्कर्त्या. तिसरे जावईबापू. ते मुळात सासूबाईंची पिशवी धरायला यायचे. सासूबाई गेल्या, पिशवी राहिली, जावईबापूही राहिले. त्यांना डॉक्टर नको होता आणि टपालवालाही नको होता. तिसऱ्या पुस्तकात आलेला कुत्रा पाचव्या पुस्तकात का नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि तो विषय निघाला की बाकीचे दोघे चहाचं काय झालं असं म्हणायचे.

खरं भांडण होतं ते सहाव्या पुस्तकातल्या एका वाक्यावरून. वेधशाळेतली बाई मोठी अदबीची. सगळ्यांना अहोजाहो करणारी, कुत्र्यालासुद्धा 'या, बसा' म्हणणारी. पण सहाव्या पुस्तकात धुकं दाटतं, टपालवाला पिशवी घेऊन खाली निघतो, आणि ती दारातून म्हणते, "सावकाश उतर, दगड ओले आहेत."

उतर. उतरा नव्हे.

टपालपक्षाची सगळी इमारत या एका शब्दावर उभी होती. सिस्टर म्हणायच्या, पुस्तकांमागून पुस्तकं गेली आणि बाईच्या तोंडून एकदाच 'तू' बाहेर पडला. आणखी काय तिनं दवंडी पिटायची? चष्मेवाले म्हणायचे, छापखान्यात काना गळलाय. भिंगाखाली धरून त्यांनी ते पान इतक्यांदा पाहिलं होतं, की पुस्तक आता आपोआप तिथंच उघडायचं. 'उतर' आणि स्वल्पविराम यांच्यामध्ये जागा जरा जास्त होती. बरोबर एक काना बसेल एवढी. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळात असे काने पडायचेच. दातांसारखे.

"तुम्हाला भिंगातून जागा दिसते," सिस्टर म्हणायच्या, "माणूस दिसत नाही."

मग हरलेला पक्ष भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसायचा. मोठं अक्षर, लहान अक्षर, आणखी लहान अक्षर. बराच वेळ बघितलं की वाटायचं, सगळं आयुष्य असंच बारीक होत खाली गेलंय.

चष्मेवाल्यांना डॉक्टरचं विशेष प्रेम होतं असं नाही. डॉक्टर त्यांनाही घमेंडखोरच वाटायचा. पण लग्नाच्या वयापासून लोकांचे चष्मे करता करता त्यांचं असं मत झालं होतं, की माणसांना जे दिसतं त्यातलं बरंचसं नंबर चुकल्यामुळे दिसतं. कोणाच्या आयुष्यात उगाच काही घडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात तर थोरल्या ताईनं वरच्या मजल्यावरून मारलेली हाक सोडली, तर काहीच घडत नव्हतं.

आणि शनिवार. शनिवारी सिस्टर यायच्या.

गेल्या खेपेला सिस्टरनी पिशवी आवरता आवरता सांगितलं होतं, की आता झेपत नाही. दोन बस बदलायच्या, उभ्यानं यायचं, इस्पितळात दिवसभर उभ्यानंच असतात. लेखिकाबाई येऊन गेल्या, की यायचं थांबवावं म्हणतात. चष्मेवाल्यांनी यावर, बरोबर आहे, पायांना आराम हवाच, असं म्हटलं आणि रात्रभर त्या वाक्याबद्दल स्वतःला शिव्या घातल्या.

लेखिका येणार हे जावईबापूंचं कर्तृत्व. कुत्र्याच्या चौकशीची त्यांनी इतकी पत्रं पाठवली होती, की म्हातारीनं शेवटी कळवलं, येते, पण पत्रं थांबवा.

ती आली तेव्हा शटर पूर्ण वर करावं लागलं. काठी टेकत आत येऊन ती डोळे तपासायच्या खुर्चीत बसली, कारण तीच खुर्ची सगळ्यात मऊ होती. वरून ताई चहाचा ट्रे घेऊन निघाली, तो जावईबापूंनी आदरानं अर्ध्या जिन्यात तिच्या हातातून घेतला आणि आदरानंच निम्मा जिन्यावर सांडला. ताई काही बोलली नाही. फडकं आणि बादली आणायला वर गेली. न बोलणं हे तिचं सगळ्यात कडक बोलणं.

सिस्टर ड्यूटीवरून थेट आल्या होत्या. डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी सहावं पुस्तक पिशवीतून काढलं. इस्पितळातल्या खाकी कागदाचं कव्हर, कोपरे चिकटपट्टीनं बांधलेले, मोडक्या बोटांसारखे. पान उघडून त्यांनी ते लेखिकेच्या मांडीवर ठेवलं आणि सगळा वाद दोन्ही बाजूंनी इतका सरळ सांगितला, की चष्मेवाल्यांना आपली बाजू प्रथमच पटली.

लेखिकेनं पुस्तक लांब धरलं, जवळ धरलं, पुन्हा लांब धरलं. चष्मेवाल्यांनी न विचारता एक भिंग पुढं केलं.

"हा कोण टपालवाला?" तिनं विचारलं.

जावईबापू खोकले.

तिनं समजावून सांगितलं, की लिहून पुष्कळ वर्षं झाली, त्या काळी घरात आजारपण होतं, रोजची पानं रोज छापखान्यात पाठवावी लागत, मागचं वाचायला वेळ नसे. मग भिंगातून ओळ पुन्हा वाचली. "नाही हो, काना गळलाय. ती कशाला त्याला अरेतुरे करेल? कामावरचा माणूस तो."

म्हणजे चष्मेवाले जिंकले. इतक्या वर्षांनी, खुद्द लेखिकेच्या तोंडून. त्यांनी सवयीनं सिस्टरकडे पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

सिस्टर रडल्याबिडल्या नाहीत. इस्पितळात राहून माणूस ते विसरतं. त्यांनी फक्त मान हलवली, नातेवाइकांना वाईट बातमी सांगून झाल्यावर हलवतात तशी, आणि म्हणाल्या, "असू दे. नुसतं वाटायचं." मग कोणाकडेही न बघता बोलल्या, "मला इस्पितळात सगळे सिस्टर म्हणतात. चाळीत सिस्टर, दुकानात सिस्टर, भावाची मुलंसुद्धा सिस्टरच म्हणतात. तू म्हणणारी एक आई होती. वय झालं की तू म्हणणारी माणसं एकेक करून संपतात. म्हटलं, निदान त्या टपालवाल्याला तरी कोणी म्हटलं असेल."

त्यांनी पुस्तक मिटलं आणि काउंटरवर ठेवलं. "हे इथंच राहू दे. माझ्याकडे नुसतं पडून राहील."

चष्मेवाल्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला तेव्हा ते उभे होते.

"बाई, तुम्ही चुकताय," ते लेखिकेला म्हणाले.

"मी?"

"तुम्हीच. जागेचं काही सांगू नका मला, ती जागा मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलीय. कागद ओढला गेला की पडते तेवढी. पण धुकं आहे, तो खाली निघालाय, ती जन्मभर सगळ्यांना अहोजाहो करत आलीय. माणूस घसरेल असं वाटलं की कोण अदब सांभाळत बसतं? काना छापखान्यात नाही गळला. तिच्या तोंडातून गळला."

बोलणं संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं सिस्टरचं आहे. शब्दन् शब्द. दर शनिवारी ऐकून पाठ झालेलं.

लेखिकेनं त्यांच्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे पाहिलं. म्हातारी अनेक पुस्तकं लिहून थकली होती, पण अजून आंधळी झाली नव्हती. "असेलही बाबा," ती म्हणाली. "मी कुठं तिथं होते? मी लिहीत होते."

त्यावर जावईबापूंनी संधी साधली आणि कुत्र्याचं विचारलं. कुत्रा मात्र लेखिकेला लख्ख आठवत होता. तो तिचाच होता. चौथं पुस्तक चालू असताना म्हातारपणानं गेला, मग पाचव्यात त्याला घालायला तिचा हात धजेना, मारायलाही धजेना. म्हणून त्याच्याबद्दल काहीच लिहिलं नाही. जावईबापूंनी हे ऐकून खिशातला रुमाल काढला आणि तो नाकाला लावून बराच वेळ अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसले.

जाताना लेखिकेनं चष्म्याचा नंबर तपासून घेतला. येणं अगदीच फुकट जायला नको म्हणाली. जावईबापू तिला घरी सोडायला गेले, एका हातानं तिला सावरत, दुसऱ्या हातात तिची काठी घेऊन, जणू ती काठीही कोणाची तरी राहिलेली पिशवी.

सिस्टर कपबशा गोळा करून वर ताईकडे गेल्या. चष्मेवाले शटर पुन्हा अर्ध्यावर ओढून खाली थांबले. काउंटरवर ते खाकी पुस्तक होतं. त्यांनी ते उचलून सिस्टरच्या पिशवीत ठेवलं, मग न विचारता ठेवणं बरं दिसेना म्हणून काढलं, मग पुन्हा ठेवलं. वरून ताईचा आवाज येत होता. ताईनं या कादंबऱ्यांचं एकही पान वाचलेलं नव्हतं. तिच्या मते त्या बाईनं डॉक्टर आणि टपालवाला दोघांनाही सोडून खाली गावात चांगली खोली बघायला हवी होती. ताई सिस्टरना स्टुलावर बसायला सांगत होती, कप राहू देत म्हणत होती, पायांची काय दशा करून घेतलीय ते विचारत होती. सिस्टर काय म्हणत होत्या ते ऐकू येत नव्हतं. एकदा हसल्यासारखं वाटलं.

बऱ्याच वेळानं जिन्याच्या वरच्या टोकाला पांढरे बूट दिसले. चष्मेवाले पिशवी घेऊन जिन्याखाली जाऊन उभे राहिले. मघाशी लेखिकेसमोर फुटलेली वाचा अजून पुरती बसली नव्हती. पुसलेला जिना ओला चकाकत होता. वाक्य तयारच होतं. इतक्या वर्षांचं तयार. त्यांनी तोंड उघडलं.

"सावकाश उतर गं," वरून ताई म्हणाली, "पायऱ्या ओल्या आहेत."

सिस्टर मध्येच थांबल्या. कठडा धरला. वर वळून पाहिलं.

"काय म्हणालात?"

"ओल्या आहेत म्हटलं. ऐकू येत नाही का तुला?"

"येतं," सिस्टर म्हणाल्या. "पुन्हा ऐकायचं होतं."

ताईला यातलं काही कळलं नाही. दमलेलं माणूस कधी कधी असं बोलतं हे तिला माहीत होतं. ती फडकं पिळायला आत गेली.

सिस्टर खाली आल्या, अगदी सावकाश, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत. चष्मेवाल्यांच्या हातून पिशवी घेतली. ती जड लागली म्हणून आत डोकावल्या, पुस्तक पाहिलं, आणि ते आतच राहू दिलं.

"मघाशी खोटं बोललात तुम्ही," त्या म्हणाल्या. "कागद ओढला गेल्यानं काही जागा पडत नाही."

"नाही पडत."

"मग काना गळलाच असेल."

"असेल."

सिस्टरनी पिशवी खांद्याला लावली. पुढच्या शनिवारी इस्पितळातून सुटायला उशीर होईल, चहा आधी पिऊन टाकू नका, असं त्यांनी सांगितलं. शिवाय जावईबापूंना आता विषय उरला नाही, त्यांच्यासाठी खिडकीचं भांडण पुन्हा काढावं लागेल. ती पश्चिमेलाच आहे, असं त्या म्हणाल्या. चष्मेवाले आजवर पश्चिमच म्हणत आले होते. त्यांनी लगेच पूर्व धरली.

मग सिस्टर शटरखालून वाकल्या, 'आई गं' म्हणाल्या, आणि बाहेरची पायरी उतरायला लागल्या. पायरी कोरडी होती. तरी चष्मेवाल्यांच्या ओठांवर ते वाक्य होतंच, 'सावकाश' एवढ्यापर्यंत आलेलं. पुढच्या शब्दाला काना द्यायचा की नाही, हे ठरेपर्यंत सिस्टर कोपऱ्यावर पोचल्या होत्या.

शनिवारपर्यंत वेळ होता. त्यांनी दिवा मालवला.