मधली जागा

चौथ्या दिवशी सकाळी पडदेकाकांनी सहावा कागद टराटरा फाडला. शेजारच्या स्टुलावर बसलेले दातांचे डॉक्टर हळहळले, "अहो, छान होतं की!" छान होतं हेच तर दुखणं होतं. छान काढायला काकांना डोळे उघडे ठेवायचीसुद्धा गरज नव्हती.

चौतीस वर्षं त्यांनी फोटो स्टुडिओंसाठी पडदे रंगवले होते. म्हणून ते पडदेकाका. बाग, धबधबा, बर्फाचे डोंगर, तळ्यावरचा चंद्र, गिऱ्हाईक मागेल ते. आठ बाय दहा फुटांचं कापड ताणलं की तीन दिवसांत धबधबा तयार. खरा धबधबा मात्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरांवर काम भागत होतं. पुढे छापील पडदे आले, मग लोक मोबाइलमध्येच पाठीमागे हवा तो समुद्र चिकटवायला लागले आणि काकांचे ब्रश कपाटात गेले. दोन वर्षं घरात येरझाऱ्या घालून त्यांनी बायकोला नको नको करून सोडलं. शेवटी तिनेच दोघांची नावं या सहलीत घातली. उघड्यावर बसून, समोरचं बघून चित्रं काढायची सहल. चार दिवस, शिकवायला एक बाई, आणि शेवटच्या दिवशी पाच वाजता प्रत्येकाने एक चित्र जेवणघराच्या भिंतीवर लावायचं.

काकांना तिथे लावायला एक चित्र हवं होतं. एकच, पण डोळ्यांनी बघून काढलेलं. "तेवढं जमलं नाही, तर ब्रश कायमचे बंद," असं त्यांनी येताना बसमध्येच जाहीर केलं होतं. काकू "बरं" म्हणाल्या होत्या खऱ्या, पण उरलेली वाट त्या काकांच्या तोंडाकडेच बघत बसल्या होत्या. हा माणूस बोलला की करून मोकळा होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

पहिले दोन दिवस काकांना काय बिघडतंय तेच कळेना. समोर गवताचा उतार, त्यातून वळत गेलेला ओढा, मागे डोंगर. सगळे तेच काढत होते. काकांचा हात मात्र आपलाच कारभार चालवत होता. डावीकडे आत झुकलेलं झाड, वर लोंबती फांदी, उजवीकडे खाली फुलांचा ताटवा. डावीकडे झाड नव्हतंच मुळी, विजेचा खांब होता. फुलं तर औषधालाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यांचे पाचही कागद गवतावर ओळीने मांडले. बाई वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण नजर तयार.

"काका, मध्ये काय आहे?"

"मध्ये? मध्ये... धुकं."

बाईंनी वर पाहिलं. ऊन नुसतं भाजून काढत होतं.

पाचही चित्रांत दोन्ही कडा गच्च भरलेल्या होत्या आणि मधोमध फिकट, पुसट काहीतरी. दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील, नेमकी तेवढी जागा. डॉक्टर टुणकन उठले, त्या कागदांमागे जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "काढा फोटो!" सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

त्यांना एका क्षणात उलगडा झाला होता. उमेदवारीच्या काळात त्यांच्या गुरूने बोटांवर ब्रशचा दांडा मारमारून हेच शिकवलं होतं. मध्ये काही काढायचं नाही. तिथे नवरा-नवरी येणार. तिथे झाड काढलंस, तर नवऱ्याच्या डोक्यातून फांदी निघेल आणि पडदा परत येईल. काकांचा एकही पडदा कधी परत आला नव्हता. याचा त्यांना केवढा अभिमान होता! आता त्याच अभिमानाची चीड येत होती.

म्हणून आज, शेवटच्या दिवशी, ते फक्त मध्ये बघायचं ठरवून बसले होते. पण नजर तिथे टिकेचना. मध्ये पाहिलं की ती निसटून खांबाकडे नाहीतर डोंगराकडे पळायची. जबरदस्तीने तिथे काही काढलं की कॅलेंडरातलीच झुडपं उतरायची. सहावा कागद त्यापायी गेला होता. सातवा दुपारी गेला.

अडीचला काकू चहाचा थर्मास घेऊन आल्या. "झालं का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि काकांचा बांध फुटला.

"काय व्हायचंय? मध्ये काही नाहीच आहे! काढू काय, माझं कपाळ?"

"ओरडता कशाला? काही नाही कसं असेल?" काकूंनी थर्मास ठेवला आणि त्या तरातरा उतारावरून खाली चालू लागल्या. ओढ्यापाशी पोचून त्या वळल्या आणि मंडईत भाव विचारावा तशा आवाजात ओरडायला लागल्या. "इथे चिखल आहे! एक गंजकी बादली पडलीय! गवत इकडे पिवळं आहे, इकडे हिरवं! ऐकू येतंय ना?"

ऐकू येत होतं. पण काका ऐकत नव्हते, बघत होते. काकू नेमक्या मधोमध उभ्या होत्या. हजारो गिऱ्हाइकं उभी राहिली तिथेच. आणि त्यांच्या नजरेत चित्र एकदम पुरं झालं. चार दिवसांचा सल गेल्यासारखा वाटला.

"वा! काकूंनाच काढा की!" डॉक्टर म्हणाले.

काकांनी ब्रश उचललाही. तेवढ्यात काकू जरा हलल्या आणि त्यांच्या मागे काहीतरी चमकलं. ओढा तिथे काठाखाली वळत होता. काठाच्या सावलीत पाणी काळं, आणि वीतभर अंतरावर डोळ्यांत खुपेल इतकं पांढरं. काकांनी मान लांब केली. काकू पुन्हा आड आल्या.

"अगं, बाजूला हो! मला दिसत नाहीये!"

काकू जागच्या जागी थिजल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. जन्मभर दुसऱ्यांसाठी जागा सोडत आलेल्या माणसाने पहिल्यांदाच कोणाला तरी मधून हटायला सांगितलं होतं, आणि तेही बायकोला.

"कुठे होऊ बाजूला? चिखल आहे सगळा!"

"कुठेही हो! अजून! अजून तिकडे!"

चप्पल चिखलात रुतवत, पुटपुटत काकू पार खांबापलीकडे गेल्या.

मग काका त्या वळणाला भिडले. ते काही सुखासुखी वश होईना. काळा रंग मेला, पांढरा सांडला. ओल्या बोळ्याने पुसून पुसून कागदाची साल निघाली. काका स्वतःला, पाण्याला आणि गुरूला शिव्या घालत होते. झाड काढायला वेळ नव्हता, डोंगर राहिला, आकाश राहिलं. पाच वाजता बाईंनी हाक मारली, तेव्हा कागदाच्या मधोमध चिखल, बादली आणि एक वेडंवाकडं पाणी होतं. बाकी सगळा कागद कोरा.

काकांनी तो तसाच भिंतीवर लावला.

डॉक्टर तोंड उघडणार होते, पण बाई त्या कागदासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की तेही पुढे होऊन बघायला लागले. काकूंनी जवळ जाऊन काठावर बोट ठेवलं. "मी इथे उभी होते."

"हो."

"एवढी ओरडले, आणि यात मी नाहीच."

"नाहीस," काका म्हणाले. त्यांचं लक्ष पाण्याकडे होतं. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या. "काळं चुकलंय. काठाखाली निळं होतं, मी घातलं काळं. आंधळा मेला! उद्या आपली बस कितीला?"

"दहाला."

"मग मला सहाला उठव."

काकूंनी वळून पाहिलं. मग एकदम डोळे भरून आले, म्हणून रागाने म्हणाल्या, "मी परत त्या चिखलात उतरणार नाही हं!"

"तू मुळीच उतरू नकोस," काका म्हणाले, आणि ब्रश धुवायला गेले.