अंजनीच्या गळ्यातली दुर्बीण

“डोंगीत पाय ठेवून तर बघ विनता! मग तू आहेस अन् मी आहे.”

“आई, लोकांसमोर काहून ओरडून राहिल्या? पाच मिनिटांचं काम आहे. जाते, फोटो काढते, येते.”

“अन् पक्षी उडाले म्हणजे तेवढा वेळ अंड्यांवर सावली कोण धरणार? तुझा मोबाइल?”

मी एक दुर्बीण बोलतेय. बरगी धरणाच्या पाण्याकाठी, छोट्या होडीपाशी, सासू-सुनेचं हे भांडण पेटलं तेव्हा मी सासूच्या, म्हणजे माझ्या अंजनीच्या, गळ्यात होते. आणि खरं सांगू? ‘तुझा मोबाइल’ हे शब्द तिने ज्या तिरस्काराने थुंकले ना, ते ऐकून माझ्या तापलेल्या पितळेला गार वारा लागला. होय, जळते मी त्याच्यावर. का जळू नये?

माझा जन्म फौजेसाठी झाला. जाड काचा, पितळेचा सांगाडा, वर काळं कातडं. फौजेने मला रिटायर केलं आणि जबलपूरच्या जुन्या बाजारात खमरियाच्या कारखान्यातल्या हेमचंद्ररावांनी मला विकत घेतलं. त्यांना हॉकीचे सामने बघायचे होते. एका सामन्यात त्यांच्या हातात भाजलेला भुट्टा आला म्हणून त्यांनी मला बायकोकडे, अंजनीकडे, दिलं, “जरा धर.” बायकोने मला धरलं आणि मैदानाकडे पाठ करून कडुनिंबाकडे वळवलं. पानांत हळद्या बसला होता. “अगं बाई!” एवढंच ती म्हणाली. त्यानंतर हेमचंद्ररावांनी मला कितीदा मागितलं, पण मी काही त्यांच्या हाती परत गेले नाही.

अंजनीची शाळा चौथीत सुटलेली. पुढचं सगळं ती माझ्यातून शिकली. पक्षी बघायचा, ओळखीचा कोणी भेटला की नाव विचारायचं, आणि त्याने चुकीचं सांगितलं तर त्याच्याशीच भांडायचं. माझ्याशिवाय तिने कधी काही नीट पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. तिचं कुंकू पुसलं गेलं तेव्हाही तिने गळ्यातून मला काढलं नाही. क्वार्टर सुटलं, आणि आम्ही दोघी बरगीजवळच्या या गावात राहायला आलो.

इथे उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मधला टापू उघडा पडतो. त्यावर नदी सुरय पक्षी अंडी घालतात. इथले लोक त्यांना कुररी म्हणतात. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, आणि घरटं म्हणाल तर वाळूत उमटवलेली नुसती वाटी. मे महिन्याच्या उन्हात जोडीतला एक जण पोट पाण्यात भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. माणसाच्या पायाची चाहूल लागली की सगळे उडतात. मग अंडी वाळूतच शिजतात.

म्हणून अंजनीने एक रीत लावली. सुरय बसले की कोळीवस्तीतल्या प्रत्येक घरातलं एक माणूस काठावर बोलवायचं. रांगेत उभं करायचं. माझ्यातून ज्याने अंडी बघितली, त्याने पिल्लं उडेपर्यंत टापूला डोंगी लावायची नाही. चिंतामणी बर्मन सगळ्यांत जुना मच्छीमार. तो मग पाण्यात लाल चिंधीचा बांबू रोवायचा. “जिसने देख लिया, वो बंध गया,” असं तो म्हणायचा. अख्खं गाव माझ्या डोळ्यांतून बघायचं! कोणत्या दुर्बिणीला लाभलं असेल हे सुख?

मग मोतीबिंदू काढायला अंजनी नागपूरला बहिणीकडे गेली आणि मी पावसाळाभर ट्रंकेत पडून राहिले. माझ्या उजव्या डोळ्यात बुरशी धरली. ती परतली ती सुनेला घेऊन. विनताची बदली इथल्या कॉलेजात झाली होती. आणि विनताच्या हातात तो होता.

मेला मोबाइल! चपटा, गळ्यात अडकवायला पट्टासुद्धा नाही. बाजारभाव सांगतो, गाणी म्हणतो, नागपूरच्या बहिणीचं तोंड दाखवतो, वर पक्ष्याचा आवाज ऐकून त्याचं नावही सांगतो. एकदा त्याने तांबटाचा आवाज ओळखला आणि अंजनी म्हणाली, “हुशार आहे गं मेला.” माझ्यादेखत! लोक आता विनता मॅडमला नावं विचारू लागले. यंदा काठावर रांगसुद्धा लागली नाही. “मॅडम, फोटो भेज देना,” म्हणाले आणि घरी बसले. बांबू आणला चिंतामणीने, पण तो रोवायला सांगणारं कोणी नव्हतं. अंजनीनेही मग कोणाला बोलावलं नाही; तिच्या छातीवर लटकून मला तिच्या आतलं सगळं ऐकू येत होतं.

आणि नेमकी यंदाच गरज होती. शहरातला एक ठेकेदार टापूवर पिकनिकचे तंबू ठोकू म्हणत होता. सरपंच म्हणाले, संध्याकाळी बैठक आहे, टापूवर घरटी असल्याचा फोटो आणा, नाहीतर मी हो म्हणून बसेन.

त्या फोटोवरून हे भांडण.

“माझे डोळे पुरावा नाहीत काय?” अंजनी म्हणाली. “इतके उन्हाळे उभी राहिली मी इथे.”

“पंचायतीला सबूत पाहिजे, आई. काठावरून मोबाइलमध्ये नुसते पांढरे ठिपके येऊन राहिले. मी नाही गेले तर तंबू येतील. मग कोणाची अंडी अन् कोणाची सावली?”

“अन् तू गेलीस तर तंबू यायच्या आधीच अंडी संपतील.”

चिंतामणी वल्हं टेकवून उभा होता. “भाभी, अम्मा, पहले आपस में निपट लो. डोंगी कहीं नहीं भाग रही.”

“तू चूप बस रे! डोंगी सोडायला तूच आलास ना सकाळी सकाळी?”

“अम्मा, आपने तो इस बार बुलाया ही नहीं.”

हे लागलं तिला. विनतानेही तेवढ्यात चप्पल काढून पाणी तुडवलं, एक हात डोंगीच्या काठावर ठेवला आणि मागे वळून म्हणाली, “एक बात बोलू? तुम्हाला पक्षी वाचवायचे नाहीत. तुम्हाला ते फक्त आपलेच ठेवायचे आहेत. ही दुर्बीण तरी कधी दिली माझ्या हाती?”

अंजनीने मला मुठीत घट्ट धरलं. आणि मी? मला वाटलं, हे बोलणं तिला नाही, मला आहे. मलासुद्धा सुरय हवे होते ते माझ्याच काचेत. दुसऱ्या कोणाच्या नाही.

टापूवर आज तंबू नाहीत. बांबूची चिंधी वाऱ्यावर हलते आहे आणि पिल्लं वाळूवर पळत आहेत. मी विनताच्या गळ्यात आहे. रोज सकाळी तो मोबाइल माझ्या डाव्या, चांगल्या डोळ्याला आपला डोळा लावतो, मी बघते ते गिळतो आणि आपलं म्हणून मिरवतो. काठावरून असाच काढलेला घरट्यांचा फोटो बघून बैठकीत सरपंच काय म्हणाले माहीत आहे? “वा, क्या मोबाइल है!” माझं नाव कोणी घेतलं नाही. जळते मी अजून. पण रांग पुन्हा लागते आहे, आणि डोळा अजूनही माझाच लागतो.

तुमच्या ट्रंकेत माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला उन्हात काढा हो. बुरशीपेक्षा जळफळाट बरा. त्यात निदान दिसत तरी राहतं.

आता राहिलं एवढंच, की ते भांडण मिटलं कसं. अंजनीने पट्टा डोक्यावरून काढला. तिच्या मानेवर माझा पांढरा वण उघडा पडला. ती गुडघाभर पाण्यात गेली, मला सुनेच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, “हो, माझेच आहेत ते, आता तुझेही कर, पण ह्याच काठावरून, हिच्याच चांगल्या डोळ्यातून.”