बारीक काठाची साडी

"ताई, तुमी बुटक्या न्हाईत, काठ मोठा हाय," असं म्हणून उमाबाईंनी गिऱ्हाइकाच्या अंगावरची साडी काढून घेतली आणि बोटभर काठाची जांभळी साडी तिच्या खांद्यावर टाकली. आरशात बाई एकदम उंच दिसायला लागली. ती खूश, तिचा नवरा खूश, गल्ल्यावरचा मालक त्याहून खूश.

लातूरच्या कापड लाइनीतल्या त्या दुकानात उमाबाई कितीतरी वर्षं हेच करत होत्या. कुणाच्या अंगाला काय शोभेल, हे त्यांना बाई पायरी चढतानाच कळायचं. पोट सुटलेल्या बाईला कडक सुती साडी देऊ नये, ती फुगते. अंगाबरोबर पडणारी द्यावी, गडद रंगाची, आणि पदर मोकळा सोडायला सांगावा. किडमिडीत पोरीला मात्र खळीची साडी द्यावी, म्हणजे ती जरा भरलेली दिसते. ही लपवाछपवीच, पण कुणाचं काही न बिघडवणारी, असं त्या म्हणायच्या. आता तीच त्यांच्या जिवावर उठली होती.

गिऱ्हाईक गेल्यावर शेजारी घड्या घालणारी धम्मप्रिया म्हणाली, "मावशी, तुमी लई वाळून राहिल्या. लेकीच्या साखरपुड्यासाठी डायटिंग का?"

"हाव की."

"पर निऱ्या अशा बाजूला का घेता? आदी तर मधोमध घ्यायच्या."

"फॅशन हाय ती," उमाबाई म्हणाल्या आणि उगाच वरच्या फळीवरचे बॉक्स नीट करायला लागल्या. हात वर केला तशी ओटीपोटात कळ आली. त्यांनी पाठ फिरवून घेतली, तर पाठीमागेही आरसाच होता. साडीच्या दुकानात आरशापासून सुटका नसते.

चेहरा उतरला होता, दंड वाळले होते, ब्लाउज ढगळ झाले होते. पोट तेवढं वाढत होतं. दिवाळीत अंघोळ करताना मुठीएवढं कठीण काहीतरी हाताला लागलं होतं, ते आता नारळाएवढं झालं होतं. आईचंही असंच झालं होतं. आईनं ते नऊवारीच्या ओच्यात लपवलं आणि घरात कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हे सगळं ठाऊक असून उमाबाई दवाखान्याकडे फिरकत नव्हत्या. डॉक्टर तो शब्द उच्चारेल, याची त्यांना भयंकर भीती वाटत होती.

आणि दुसरी भीती लेकीची, शिवांगीची. कंधारचं स्थळ, चांगली माणसं. पण आजी तशी गेली, आई तशी चालली, म्हणजे पोरीलाही तेच होणार, असं त्यांच्या मनात आलं तर? एकदा अंगठी बोटात जाऊ दे, मग बघू, असं स्वतःला बजावत त्या रोज कपाटाच्या आरशापुढे निऱ्या सरकवत राहायच्या. नवरा मल्लिकार्जुन एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. त्याला इंजिनाच्या आवाजातला फरक लगेच कळायचा, बायकोतला नाही.

साखरपुड्यासाठी शिवांगीनं आईला मोठ्या काठाची पिस्ता साडी निवडली. "घाल ना आई, किती उजळ दिसशील!"

"मला न्हाई शोभत ती!" उमाबाई इतक्या जोरात खेकसल्या की पोरीनं साडीची घडी घालून ठेवली. शेवटी त्यांनी गर्द वांगी रंगाची, बारीक काठाची साडी नेसली. बसताना मांडीवर पर्स, उभं राहताना हातात ताट, फोटोत खुर्चीच्या मागे. सगळा विचार त्यांनी करून ठेवला होता. ओटीचा विचार मात्र राहून गेला.

मांडवात विहीण तुळजाबाई नारळ, खण आणि तांदळाचं ताट घेऊन समोर आल्या. थोराड अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या बाई. ओटी घ्यायची तर पदर दोन्ही हातांनी पुढे पसरावा लागतो. ज्या पदराआड इतके महिने काढले, तोच सगळ्यांसमोर पोटावरून बाजूला करायचा होता.

त्यांनी पदर पसरला. तुळजाबाईंनी त्यात नारळ ठेवला आणि त्यांचा हात पोटाला लागून तिथंच थांबला. त्यांनी वर पाहिलं. मग ओटी भरली आणि उमाबाईंना नवरीच्या खोलीत नेऊन आतून कडी लावली.

"कितवा चालू हाय?"

उमाबाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

"इहीणबाई, ह्या वयात व्हतं कवा कवा. पर लेकीच्या लग्नात लोकं हासतील. आदी सांगायचं तरी."

मान खाली घालून 'पाचवा' म्हटलं असतं, तर आजचा दिवस निभावला असता. लाज परवडली असती. पण इतक्या महिन्यांत त्या पोटाबद्दल कुणी विचारलं ते पहिल्यांदाच, आणि उमाबाईंना रडू फुटलं.

"लेकरू न्हाई हो. गाठ हाय. माझी आई यानंच गेली. शिवांगीला काय बी न्हाई, तिला नका तोडू."

तुळजाबाई खुर्चीवर बसल्या. बाहेर कुणीतरी मुलीच्या आईला हाका मारत होतं.

"डाक्टर काय म्हनला?"

"दाखवलं न्हाई."

"न्हाई? म्हंजी काय हाय ते तुमाला तरी कुठं म्हाईत हाय? नुसतं भिऊन भिऊन साड्या नेसून राहिल्या व्हय!" बोलता बोलता त्यांनी आपला हात पदराला पुसला. उमाबाईंनी ते पाहिलं. हाताला कुंकू लागलं होतं म्हणून पुसला की पोटाला लागला होता म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

"मी आज लातुरातच ऱ्हाते," तुळजाबाई उठत म्हणाल्या. "उद्या सकाळी दोघी जाऊ दवाखान्यात. पोरीला आज तुमी सांगा, माझ्या पोराला मी सांगते."

"आन अंगठी?"

तुळजाबाईंनी दाराच्या कडीला हात घातला. "मला बी भ्या वाटून राहिलंय, खोटं कशाला बोलू? पर अंगठी आज घालायची. चला, डोळे पुसा."

अंगठ्या घालून झाल्या. फोटोला दोन्ही घरची माणसं उभी राहिली. खुर्च्या कुणीतरी हलवल्या होत्या, आणि ताटही उमाबाईंच्या हातात नव्हतं. तुळजाबाई अर्धं पाऊल पुढे सरकून त्यांच्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"मावशी, जरा मागं," फोटोग्राफर ओरडला. "मुलीची आई झाकून राहिली."

"झाकू दे. असाच काढ."

दिवाळीपासून आत ओढून धरलेलं पोट उमाबाईंनी हळूच सैल सोडलं. शिवांगी वळून हसली, तशा त्याही हसल्या. उद्या सकाळी कोणती साडी नेसायची, ते मात्र त्यांना काही केल्या सुचेना.